दोन्ही पाईप मोठे

घरात काही मोडलं की मला आनंद होतो. हे मी चारचौघांत बोलत नाही, कारण मिक्सर बंद पडल्यावर बाईने कपाळाला हात लावावा अशी अपेक्षा असते. मी मात्र पदर खोचते आणि स्क्रूड्रायव्हर शोधते. आजवर मी इस्त्री उघडली आहे, पाण्याची मोटर उघडली आहे, आणि एकदा आमच्या ह्यांचं मनगटावरचं घड्याळ, ते मनगटासकट झोपलेले असताना. उघडलेल्या वस्तूंपैकी बऱ्याचशा पुन्हा मिटल्या. (चालू झाल्या असं मी म्हटलेलं नाही.)

त्यामुळे त्या शनिवारी सकाळी आमच्या व्हॅनचा सायलेन्सर तुटला, तेव्हा खरं तर मी खूश व्हायला हवं होतं.

ही व्हॅन म्हणजे आमचं दुकानच. मी घरी मसाले आणि पापड करते, ते अलिबागच्या दुकानांत पोचवते. आमचं गाव चौलच्या अलीकडे, समुद्राला लागून. इथल्या खाऱ्या वाऱ्यात खिडकीचे गज, सायकली, कुलपं, सगळं हळूहळू बिस्किटासारखं होतं. व्हॅन खालून कशी झाली असेल हे मी कधी वाकून पाहिलं नव्हतं. त्या दिवशी दळण घेऊन येताना शाळेपुढच्या गतिरोधकावर खाली ‘कट्’ असं काहीतरी झालं, आणि पुढच्या क्षणी गाडीतून असा आवाज निघाला की शाळेतली मुलं हेलिकॉप्टर आलं म्हणून व्हरांड्यात धावली. मी त्यांना हात करून पुढे गेले. दुसरं काय करणार?

आनंद न होण्याचं कारण असं की दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पाहुणे यायचे होते. आमची मुलगी ऋतुजा मुंबईला नोकरी करते. तिथेच तिचं आणि नीरजचं जमलं. नीरजच्या आईवडिलांनी मुलगी पाहिली होती, त्यांना ती आवडलीही होती. आता त्यांना घर पाहायचं होतं, घरातली माणसं पाहायची होती. म्हणजे मला पाहायचं होतं. ते रविवारी सकाळच्या बोटीने मांडव्याला उतरणार होते आणि "रिक्षा कशाला, मी आहे ना, मी येते न्यायला," असं मीच फोनवर ठणकावून सांगितलं होतं.

ऋतुजा शुक्रवारीच आली होती. आल्या आल्या ती मला म्हणाली, "आई, नीरजची आई फार कमी बोलते. पण तिचं सगळ्यावर लक्ष असतं. तू रविवारी फक्त नॉर्मल वाग."

"नॉर्मल म्हणजे कशी?"

"म्हणजे काही उघडू नकोस."

मी तिला शब्द दिला होता. पण सायलेन्सर मी उघडला नव्हता. तो आपणहून उघडला होता.

मी आमच्या मेकॅनिकला, अल्ताफला, फोन लावला. अल्ताफ मेहुण्याच्या लग्नासाठी म्हसळ्याला गेला होता. मागे बँड वाजत होता.

"भाबी, सोमवारी आलो की वेल्डिंग मारतो," तो म्हणाला.

"सोमवारी काय उपयोग? पाहुणे उद्या आहेत. मला नुसतं सांग, हे जोडतात कसं?"

"सोपं आहे. सडलेला भाग कापून टाकायचा. मग एका पाईपचं तोंड जरा मोठं करायचं, म्हणजे दुसरा पाईप त्याच्या आत दोन बोटं सरकतो. वरून क्लॅम्प आवळायचा. बसला जॉइंट. पण भाबी, हे तुम्ही..."

इथे बँड फार जोरात वाजला. पुढचं वाक्य मला ऐकू आलं नाही. (आलं होतं. "तुम्ही करू नका" असं होतं.)

मी व्हॅनखाली पोतं अंथरलं आणि शिरले. प्रकार असा होता: इंजिनाकडून एक पाईप मागे येत होता, मागच्या डब्यातून एक पाईप पुढे येत होता, आणि दोघांची जिथे गाठ पडायची तिथे नुसता गंज होता. मी करवतीने दोन्हीकडचा सडका भाग कापला. मागचा डबा दोन रबरांवर लोंबकळत होता, तो सोडवून बाहेर काढला आणि बाळासारखा उचलून परसात नेला. पुढचा पाईप गाडीलाच राहिला.

आमचे हे ओटीवर पेपर वाचत होते. त्यांनी पेपरावरून एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा डब्याकडे पाहिलं आणि पेपर वर घेतला. संसारात त्यांनी हे एक कौशल्य फार वाढवलं आहे.

आता तोंड मोठं कसं करायचं? व्हिडिओत एक दाढीवाला परदेशी माणूस एक यंत्र पाईपमध्ये घालत होता. त्या यंत्राला तीन पाकळ्या होत्या. मधला बोल्ट आवळला की पाकळ्या फाकायच्या आणि पाईप गुपचूप फुगायचा. माझ्याकडे यंत्र नव्हतं. पण परसात नारळ सोलायचा सुळका होता. ओंडक्यात उभा रोवलेला, भरीव लोखंडाचा, वर निमुळता आणि खाली जाड. मी त्याच्याकडे पाहिलं, पाईपकडे पाहिलं, आणि दाढीवाल्याची मला कीव आली.

पाईपचं तोंड सुळक्यावर ठेवायचं, दुसऱ्या बाजूने डब्यावर लाकूड धरून हातोडा मारायचा. जसजसा पाईप खाली उतरेल तसतसं तोंड रुंद होईल. तत्त्व बिनचूक होतं. मी मारत गेले, पाईप उतरत गेला. मध्येच शेजारचे नंदू भावजी कुंपणावरून डोकावले. हे आमच्या ह्यांचे चुलतभाऊ. त्यांची सुपारीची वाडी आहे, आणि वाडीपेक्षा त्यांचं लक्ष आमच्या परसाकडे जास्त असतं.

"वैनी, काय चाललाय?"

"पाईपचं तोंड मोठं करतेय, भावजी."

"नारलाच्या सुलक्यावर?"

"हो."

ते थोडा वेळ बघत राहिले. "न्हाय व्हायचा," असं शांतपणे म्हणाले आणि निघून गेले.

त्यांच्या ह्या बोलण्यामुळे मी शेवटचे काही घाव जरा जास्तच जोरात मारले. त्याचा परिणाम असा झाला की तोंड उत्तम रुंद झालं आणि पाईप सुळक्यावर कायमचा बसला. मी ओढला. हलवला. ओंडक्यावर पाय देऊन ओढला, तर ओंडकाच वर आला. आता माझ्या हातात एक डबा, त्याला एक पाईप, पाईपमध्ये एक सुळका आणि सुळक्याला एक ओंडका, अशी एकच लांबलचक वस्तू होती.

तेवढ्यात ऋतुजा टोपलीत नारळ घेऊन मागच्या दाराशी आली. "आई, उद्याच्या मोदकांना आणि सोलकढीला आज नारळ सोलून..." एवढं बोलून ती थांबली. डब्यापासून ओंडक्यापर्यंत तिने नजरेनेच माप घेतलं. मग म्हणाली, "नारळ कशावर सोलू?"

"आजच्या दिवस कोयत्याने सोल."

"आई, तू शब्द दिला होतास."

"मी काही उघडलेलं नाही, ऋतू. उलट हे सगळं जोडलं गेलंय."

ती रडेल असं मला क्षणभर वाटलं. पोरीचं आयुष्य उद्या ठरायचं होतं आणि आईने नारळाचा सुळका सायलेन्सरमध्ये अडकवून ठेवला होता. मी तिला म्हटलं, "तू आत जा. संध्याकाळपर्यंत सगळं जागच्या जागी असेल." ती गेली. कोयता घेऊन गेली, त्यामुळे मी जरा घाईच केली.

लोखंड तापलं की सैल होतं, हे शाळेत शिकवतात. मी पाईपभोवती नारळाची सोडणं, म्हणजे सोलून उरलेली सालं, रचली आणि पेटवली. पाईप तापला. ओंडकाही तापला, आणि धुमसायला लागला. मी एका हाताने ओंडक्यावर पाणी ओतत होते, दुसऱ्या हाताने पाईपवर हातोडा मारत होते. धूर ओटीपर्यंत गेला तसा पेपर पुन्हा खाली आला.

"काय जळतंय?"

"काही नाही. नारळाचं चाललंय."

"मोदक का?" हे म्हणाले आणि समाधानाने पुन्हा वाचू लागले.

शेवटी पाईप ‘टण्ण’ करून सुटला आणि डबा परसात गडगडत गेला. तोंड सनईच्या टोकासारखं झालं होतं. किंचित अंडाकृती, पण सुरेख. कापलेल्या पाईपचा तुकडा त्यात घालून पाहिला, तर दोन बोटं आत गेला. मी डबा उचलून अंगणात व्हॅनपाशी आले, तेव्हा माझी छाती अभिमानाने भरून आली होती.

व्हॅनखालून दोन पाय बाहेर आलेले होते. नंदू भावजींचे.

ते सरकत सरकत बाहेर आले, हात पुसले आणि माझ्यासमोर एक वस्तू धरली. तीन पाकळ्या, मध्ये बोल्ट. दाढीवाल्याच्या हातात होतं तेच यंत्र.

"रेवदंड्याच्या ग्रिलवाल्याकडना आणलाय," ते म्हणाले. "वैनी, तुमाला न्हाय जमायचा म्हायती होता. मी केला काम. गाडीकडच्या पाईपचा तोंड असा मस्त मोठा केलाय, बगा."

मी वाकून पाहिलं. मस्तच केलं होतं. माझ्यासारखं अंडाकृतीसुद्धा नव्हतं.

मी माझा पाईप त्यांच्या पाईपसमोर धरला. मोठं तोंड आणि मोठं तोंड, एकमेकांकडे आ वासून बघत राहिली. सकाळी दोन्ही पाईप सारखे होते म्हणून बसत नव्हते. आता दुपार झाली होती, दोन माणसांनी घाम गाळला होता, एक ओंडका जळला होता, आणि दोन्ही पाईप पुन्हा सारखेच होते.

"तुमी पन केलाय?" नंदू भावजी हळूच म्हणाले.

"तुम्हीच तर पाहून गेलात."

"माना वाटला न्हाय व्हायचा."

आम्ही दोघं पायरीवर बसलो. ऋतुजाने आतून चहा आणून दिला आणि प्रश्न न विचारता गेली, हे जास्त लागलं. पुन्हा कापावं, तर पाईप आखूड होऊन डबा रबरांपर्यंत पोचेना. ठोकून बारीक करावं, तर चुरगळायची भीती. चहा संपता संपता मला सुचलं, की दोन्ही तोंडं मोठी आहेत ना, मग मूळ मापाचा एक तिसरा तुकडा दोघांच्या आत घालावा. अर्धा इकडे, अर्धा तिकडे.

"तसा तुकडा हवा ना?" भावजी म्हणाले. "कापलेला सगला सडलाय."

मी वर पाहिलं. आमच्या गच्चीवर टीव्हीची छत्री एका पाईपवर उभी होती. जाडी अगदी तीच.

आता मला कोणी बेजबाबदार म्हणू नये म्हणून सांगते, मी पूर्ण विचार केला होता. पाईप खालून कापला की छत्री नुसती वीतभर खाली येईल, तोंड त्याच दिशेला राहील. भावजी छत्री धरून उभे राहिले, मी कापलं. फक्त एक गोष्ट मला माहीत नव्हती. खाली आमच्या ह्यांनी पेपर संपवून मॅच लावली होती आणि सामना शेवटच्या षटकात आला होता.

खालून एक आवाज आला. आमचे हे अत्यंत शांत स्वभावाचे आहेत. लग्नानंतर मी त्यांना मोठ्याने बोलताना ऐकलंय ते बोटांवर मोजण्याइतकं, आणि त्यातलं हे सगळ्यात मोठं होतं. ते गच्चीवर आले. त्यांनी छत्रीला मिठी मारलेल्या भावाकडे पाहिलं, माझ्या हातातल्या करवतीकडे पाहिलं.

"कोण जिंकलं?" भावजींनी विचारलं.

"तेच मला विचारायचंय," हे म्हणाले.

पण तुकडा बसला. हातोडीने टकटक करत आधी एका तोंडात, मग दुसऱ्यात, असा बसला की जणू त्याच्यासाठीच ती दोन तोंडं केली होती. वरून पाण्याच्या नळीला लावतात ते क्लॅम्प आवळले, फटींत लाकडाच्या भेगा बुजवायची लांबी भरली. संध्याकाळी मी गाडी चालू केली तर आवाज नाही. मी गावातून एक चक्कर मारली. देवळापुढे रस्त्यात झोपणारा कुत्रा मी अगदी जवळ जाईपर्यंत उठला नाही. इतकी शांत गाडी ती नवी असतानाही नव्हती. ऋतुजाने पाहिलं, ऐकलं आणि पहिल्यांदा हसली. ह्यांनी छत्री फिरवून फिरवून एक वाहिनी मिळवली. ती कुठल्या भाषेत होती हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

रविवारी सकाळी मी आणि हे मांडव्याला वेळेवर पोचलो. बोटीतून नीरज उतरला, त्याचे वडील उतरले, एक हसऱ्या चेहऱ्याची आत्या उतरली आणि शेवटी नीरजची आई, शालिनीताई. इस्त्रीची साडी, ताठ मान, ओठ घट्ट मिटलेले. मी नमस्कार केला. त्यांनी मान हलवली.

"बोटीत त्रास नाही ना झाला?"

"हं."

"आत्ता तासाभरात पोचू आपण."

"हं."

व्हॅनचं दार उघडलं तसा बारा महिन्यांचा मसाल्याचा वास बाहेर आला. शालिनीताईंनी डोळे मिटले, पदर नाकाला लावला आणि बसल्या. मी मनात म्हटलं, झालं. सगळ्यावर लक्ष असतं, त्यात नाकही आलं.

पुढे माझ्याशेजारी हे. मधल्या सीटवर नीरज आणि त्याचे वडील. मागे शालिनीताई आणि आत्या. गाडीत कोणी बोलेना. मी नारळीच्या बागा दाखवल्या. "हं." जांभ्याची घरं दाखवली. "हं." गाडी इतकी शांत चालली होती की ते "हं" मागून पुढे स्पष्ट ऐकू येत होतं. त्या शांततेचा मला पहिल्यांदाच राग आला. माझीच करणी होती ती.

चोंढीच्या पुढे एक गतिरोधक आला. मी हळू घेतला. खरंच हळू घेतला. तरी खाली ‘ठक्’ असं झालं, मग ‘घर्रर्र’ असं झालं, आणि मग एकदम आमच्या सगळ्यांच्या सीटखाली कोणीतरी दगड फोडायचं यंत्र चालू केलं. आरशात पाहिलं तर छत्रीच्या पाईपचा तुकडा मागे रस्त्यावर उड्या मारत चालला होता. डबा एका रबरावर लोंबकळत होता आणि त्याचं टोक जमिनीला खरवडत होतं.

रस्त्यावर रविवारची गर्दी, मागे मुंबईच्या गाड्यांची रांग, थांबायला जागा नाही. मी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. हा गाडीचा नेहमीचाच आवाज असावा तशी चालवत राहिले.

नीरजचे वडील पुढे वाकून ओरडले, "अजून किती?"

मला वाटलं मुलांबद्दल विचारतायत. मी ओरडले, "एकच."

ते निश्चिंत होऊन मागे टेकले. एक किलोमीटर म्हणजे काय, सहन होईल. बऱ्याच वेळाने ते पुन्हा पुढे वाकले. "तुम्ही एकच म्हणाला होतात ना?"

"हो, एकुलती एक. नंतर आम्ही थांबलो."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "थांबलो कुठे? चालूच आहोत."

ह्यांनी माझ्या दंडाला हात लावला. "अगं, जळल्याचा वास येतोय."

"मसाल्याचा आहे तो."

"मसाल्याला ठिणग्या उडत नाहीत."

आरशात मला ठिणग्या दिसल्या. तेवढ्यात पुढची रांग थांबली, माझा पाय ब्रेकवर गेला, आणि ह्यांनी हात पुढे करून चावी फिरवली. इंजिन एका क्षणात बंद.

आणि त्या अचानक पडलेल्या शांततेत, मागच्या सीटवरून, आत्याच्या कानात ओरडून सांगितलेलं एक वाक्य संपूर्ण रस्त्याने ऐकलं.

"मुलगी गोड आहे गं, पण आई पार चक्रम आहे."

शेजारच्या रांगेत मोटरसायकलवर एक जोडपं होतं. त्यांनी व्हॅनमध्ये वाकून पाहिलं, आई कोणती ते. नीरजने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. शालिनीताईंचा हात अजून आत्याच्या कानाशी तसाच होता.

खोटं कशाला सांगू, मला लागलं. मी स्टिअरिंगकडे बघत बसले. डोळ्यांपुढे ऋतुजा आली, कोयत्याने एकेक नारळ सोलणारी. माझ्यामुळे तिचं मोडणार, असं वाटलं. कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं.

आमचे हे मागे वळले आणि अगदी मनापासून म्हणाले, "कमाल आहे ताई. तुम्ही पहिल्याच भेटीत ओळखलंत. मला कळायला संसार अर्धा झाला."

मला हसू फुटलं. ते थांबेना. मग आत्या हसली, नीरज हसला. त्याच्या वडिलांना काही ऐकू आलं नव्हतं, त्यांचे कान अजून वाजत होते. पण सगळे हसतायत म्हणून तेही हसले आणि म्हणाले, "आलं का घर?"

मी गाडी ढकलत कडेला घेतली. (ढकलली नीरजने आणि ह्यांनी.) शालिनीताई खाली उतरल्या, माझ्यापाशी आल्या. चेहरा लाल झालेला.

"मला माफ करा," त्या म्हणाल्या. त्यांचं ते पहिलंच पूर्ण वाक्य. (म्हणजे दुसरं. पहिलं साऱ्या रस्त्याने ऐकलं होतं.) "बोटीत मला फार मळमळत होतं हो. तोंड उघडलं तर काय बाहेर येईल याचा भरवसा नव्हता. म्हणून गप्प होते. आणि उघडलं तेव्हा हे बाहेर आलं."

मग त्या वाकून गाडीखाली बघायला लागल्या. "हे कोणी बांधलं होतं?"

"मी."

"तुम्ही? पण हे दोन्ही पाईप तोंडाशी मोठे कसे?"

मी सगळं सांगितलं. सुळका, सोडणं, नंदू भावजींचं यंत्र, छत्री, शेवटचं षटक. दोन तोंडं समोरासमोर आली तिथे त्यांनी माझा हात धरला. छत्रीपाशी त्या रस्त्याकडेच्या मोरीच्या कट्ट्यावर बसल्या आणि साडीची इस्त्री विसरून इतक्या हसल्या की आत्याला पाण्याची बाटली काढावी लागली. हसताना त्यांची मळमळही गेली. एका शहाळेवाल्याने आम्हाला रिकामं पोतं दिलं. त्यात गरम डबा गुंडाळून तो आम्ही गाडीत, सगळ्यांच्या पायांपाशी ठेवला आणि पुढची वाट ओरडत बोलत काढली. खूप बोललो. नीरजच्या लहानपणचं, ऋतुजाच्या हट्टाचं, घराचं, गुडघ्यांचं. ओरडून खोटं बोलता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. दमायला होतं.

आमचा आवाज गावात आमच्या बराच आधी पोचला. सगळे फाटकांत उभे होते. नंदू भावजी यंत्र हातात घेऊनच आले होते. ऋतुजा ओटीवर पांढरीफटक होऊन उभी होती. गाडीचं दार उघडलं आणि तिच्या होणाऱ्या सासूबाई सायलेन्सर ओलांडून, काजळी लागलेल्या पदराने, हसत उतरल्या.

"ऋतुजा, तुझ्या आईने आम्हाला सुखरूप आणलं," त्या म्हणाल्या. "म्हणजे आणलं."

ऋतुजाने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच सांगितलं, काही उघडलं नाही. मोदक पुरले नाहीत, कारण मळमळ गेल्यावर शालिनीताईंना सपाटून भूक लागली होती.

परत जाताना त्यांनी रिक्षा केली. चार दिवसांनी शालिनीताईंचा फोन आला. मी चुलीपाशी होते, तशीच धावले.

"आमच्याकडून होकार आहे," त्या म्हणाल्या. ऋतुजाला कधी सांगते असं झालं. "मानपान, साड्या, काही मनात आणू नका. आमचं फक्त एक मागणं आहे."

"सांगा ना."

"लग्नाच्या दिवशी तुम्ही कशालाही हात लावायचा नाही. नुसतं खुर्चीवर बसून राहायचं."

मी कबूल केलं. पण माझा स्वभाव आड आला आणि मी विचारलं, "आणि खुर्चीच मोडकी निघाली तर?"

माझ्या विहीणबाईंनी मला पहिली आज्ञा केली.

"तर उभ्या राहा."